कणांचे दप्तर

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या चढणीवर चतुर्भुजाचे खडकात कोरलेले लहानसे मंदिर आहे. त्यातील शिलालेख विक्रम संवत् ९३३चा, म्हणजे इ. स. ८७६चा. ज्यांची तारीख निश्चित सांगता येते अशा भारतातील जुन्या शून्यांपैकी एक शून्य या लेखात आहे, हे आपल्यापैकी बहुतेकांस ठाऊक आहे आणि बाहेरगावच्या पाहुण्यांना आपण ते अभिमानाने दाखवतो. परंतु हे शून्य कशाच्या निमित्ताने लिहिले गेले, याचा विचार सहसा होत नाही. तो काही गणिताचा ग्रंथ नव्हे. देवळास दिलेल्या जमिनीची ती नोंद आहे: फुलबाग २७० हात लांब, १८७ हात रुंद, पूजेसाठी रोज ५० माळा. म्हणजे ज्या खुणेवर जगातले सारे अंकगणित उभे आहे, ती येथे टिकली ती एका दानाचा हिशेब नीट लिहून ठेवणाऱ्यामुळे. त्याचे नाव कोणी विचारत नाही.

आमची हयात राज्य सरकारच्या दप्तरांत गेली म्हणून असेल, पण इतिहासात हिशेब ठेवणाऱ्यांना मिळणाऱ्या या जागेविषयी आम्हांस नेहमीच कुतूहल वाटत आले आहे. शिंदे सरकारच्या मागोमाग जी मराठी घराणी इकडे येऊन स्थायिक झाली, त्यांत शिलेदार होते तसे फडणीस, चिटणीस, पोतनीस आणि दप्तरदारही होते. पहिल्यांची नावे बखरींत आली. दुसऱ्यांची बहुधा हस्ताक्षरेच तेवढी मागे उरली. शास्त्राच्या इतिहासातही असेच घडते. शोध लावणाऱ्याचे नाव शाळेच्या पुस्तकात जाते; ज्यांच्या गणनेवर तो शोध उभा राहिला, ते पडद्याआड राहतात. या लेखात आम्हांस अशाच एका आधुनिक दप्तराविषयी लिहावयाचे आहे. ते दप्तर आहे पदार्थाच्या मूलकणांचे, आणि ते सांभाळणाऱ्यांत आपल्या ओळखीची आडनावेही आहेत.

गणना आणि निरीक्षण यांची गाठ घालणारी परंपरा आपल्या प्रांतास परकी नाही. उज्जैन हे ग्वाल्हेर संस्थानातले. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात तेथे बांधलेली वेधशाळा पुढे पडझडीस आली. गोविंद सदाशिव आपटे यांच्या शिफारशीवरून माधवराव महाराजांनी १९२३ साली तिचा जीर्णोद्धार करविला आणि आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले. कागदावर मांडलेले ग्रहगणित आकाशातील वेधाशी ताडून पाहावयाचे, आणि फरक पडला तर तो लपवावयाचा नाही, हे अशा वेधशाळेचे प्रयोजन. पुढे जे सांगावयाचे आहे त्याचे सूत्र हेच आहे; फक्त ग्रहांच्या जागी अणूच्या पोटातले कण आले आहेत.

हे कण डोळ्यांनी दिसत नाहीत, सूक्ष्मदर्शकानेही दिसत नाहीत. दोन कण प्रचंड वेगाने एकमेकांवर आदळले म्हणजे त्यांतून नवे कण उडतात. ते आसपासच्या यंत्रणेत विजेच्या खुणा उमटवतात आणि नाहीसे होतात. जिनीव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत २७ किलोमीटर परिघाच्या भुयारी वर्तुळात प्रोटॉनांचे पुंजके एका सेकंदात चार कोटी वेळांपर्यंत एकमेकांना छेदतात. त्यातील सेकंदाला हजाराच्या आसपास घटनाच कायमच्या जपून ठेवण्याजोग्या ठरतात. बाकीच्या तत्क्षणी टाकून द्याव्या लागतात. काय ठेवावे आणि काय टाकावे हा निर्णय संगणक करतो. ठेवलेल्या खुणांवरून कोणता कण कोठून गेला हे संगणकच मांडतो, आणि सिद्धांताप्रमाणे काय दिसावयास हवे होते याची प्रतिसृष्टीही तोच उभी करतो. म्हणून या शास्त्रात संगणकाचे काम पाहणारा भौतिकशास्त्रज्ञ हा केवळ यंत्र चालवणारा राहत नाही. न्यायनिवाड्यात पुराव्याची जी जागा, ती त्याच्या हाती असते.

आपल्या देशात या कामाचा पाया मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घातला गेला. होमी भाभा हे स्वतः विश्वकिरणांचे अभ्यासक. त्यांनी १९४५ साली ही संस्था स्थापिली. संस्थेच्या उपकरण विभागाचे प्रमुख प्रा. डी. वाय. फडके होते आणि संगणकाच्या कामाची सुरुवात त्यांच्याच विभागात झाली. अमेरिकेत गणितात डॉक्टरेट मिळवून १९५४ साली परतलेले आर. नरसिंहन यांनी त्या कामाचे नेतृत्व केले. तयार यंत्र विकत आणण्याजोगी परिस्थिती नव्हती. म्हणून हाताशी असलेल्या तरुणांनी ते स्वतःच बांधावयास घेतले. १९५६ साली नमुन्याचे यंत्र चालू झाले, १९६० साली पूर्ण यंत्र कामास लागले, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्यास ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. त्याची स्मृती होती २,०४८ शब्दांची. आज नातवंडांच्या हातातल्या खेळण्यातही याहून अधिक स्मृती असते. परंतु पाच-सहा वर्षांत माणसे तयार झाली, आणि १९६४ साली सीडीसी ३६०० हे मोठे अमेरिकन यंत्र संस्थेत आले तेव्हा त्यास चालवणारे व त्यास प्रश्न विचारणारे दोघेही घरचेच होते.

या परंपरेत पुढे ज्यांनी आपली कारकीर्द घातली, त्यांत प्रा. राजीव गवई यांचे नाव घेतले पाहिजे. त्यांचा विषय समजावून घेण्यास थोडा धीर लागतो. वाचकांनी तो धरावा अशी विनंती आहे. प्रोटॉन हा क्वार्क नावाच्या कणांचा बनलेला असतो. क्वार्कांना बांधणारे बल असे विचित्र आहे की त्यास दूर ओढावे तो ते ढिले पडत नाही. त्यामुळे कागद-पेन्सिलीची नेहमीची गणिते येथे थकतात. केनेथ विल्सन यांनी १९७४ साली एक मार्ग दाखविला. अवकाश आणि काळ यांना अखंड न मानता आलेखाच्या कागदाप्रमाणे चौकटींची जाळी मानावी, जाळीच्या गाठींवर क्वार्क बसवावेत, गाठी जोडणाऱ्या दुव्यांवर बल बसवावे, आणि मग सारा हिशेब संगणकावर करावा.

हे ऐकण्यास सोपे आहे. प्रत्यक्षात तीन दिशांना २४-२४ गाठी आणि काळाच्या दिशेने ६ गाठी घेतल्या तरी ८२,९४४ गाठी होतात. प्रत्येक गाठीपासून चार दुवे, प्रत्येक दुव्यावर अठरा अंक. म्हणजे जाळीचे एक चित्र लिहावयाचे तर सुमारे ६० लाख अंक हवेत. अशी चित्रे एक-दोन नव्हेत, हजारोंनी काढावयाची, त्यांची सरासरी घ्यावयाची, आणि मग जाळी अधिक बारीक करून तोच हिशेब पुन्हा करावयाचा. जाळी बारीक केल्यावर उत्तर बदलले, तर पहिले उत्तर अंतिम नव्हते असे उघड लिहावयाचे.

गवई यांनी हे काम १९८०च्या सुमारास हाती घेतले. जर्मनीतील बीलेफेल्ड येथे आणि पुढे टाटा संस्थेत त्यांनी ते दशकानुदशके चालविले. या शाखेसाठी देशात स्वतंत्र यंत्रे हवीत, या भूमिकेतून ‘इंडियन लॅटिस गेज थिअरी इनिशिएटिव्ह’ हा उपक्रम उभा राहिला. टाटा संस्थेत क्रे एक्स-१ आणि नंतर आयबीएमचे ब्ल्यू जीन ही यंत्रे त्याच्यासाठी चालली. गवई व त्यांचे सहकारी सौरेंदु गुप्ता यांचा प्रश्न असा होता: विश्वाच्या आरंभी पदार्थ क्वार्कांच्या तप्त रसासारखा होता. तो निवून आजचा पदार्थ झाला, त्या संक्रमणाच्या नकाशावर एक विशेष बिंदू असावा असा अंदाज आहे. पाण्याची वाफ होते तेव्हा एका ठरावीक दाबा-तापमानापलीकडे पाणी आणि वाफ यांतला भेदच उरत नाही; तसा तो बिंदू. अधिक घनतेच्या पदार्थासाठी नेहमीची संगणकीय रीत कोलमडते. या दोघांनी घनता शून्य असताना मिळणाऱ्या माहितीवरून पायरीपायरीने पुढे जाण्याची रीत वापरली.

२००५ साली काळाच्या दिशेने चार गाठींच्या जाळीवर त्यांनी त्या बिंदूचे स्थान काढले. घनता दर्शविणारे गुणोत्तर १.१च्या आसपास आले. २००८ साली सहा गाठींची बारीक जाळी घेतली. आता तेच गुणोत्तर १.८ आले, आणि तापमानाचा आकडा मात्र जवळजवळ जागच्या जागी राहिला. दोन्ही निबंध छापील आहेत, दोन्ही त्यांच्याच नावावर आहेत. सरकारी कामात आधीच्या टिपणीवर आपल्याच हाताने सुधारित टिपणी चढवणे किती जड जाते, हे आम्ही पुष्कळ पाहिले आहे. येथे ती रोजची रीत आहे. तो बिंदू प्रत्यक्ष प्रयोगात सापडावा म्हणून अमेरिकेत ब्रुकहेवन येथे शोध घेतला गेला. प्रश्न अद्याप मिटलेला नाही. आपल्या प्रांताच्या दृष्टीने एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. टाटा संस्थेनंतर गवई यांच्या निबंधांवर भोपाळच्या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेचे नाव येऊ लागले. या विषयाची गणना आता आपल्या राजधानीपर्यंत आली आहे.

सर्नच्या मोठ्या प्रयोगांचे दप्तर याहून निराळ्या प्रकारचे. ते एका इमारतीत मावत नाही. म्हणून चाळीसहून अधिक देशांतील सुमारे १७० संगणक केंद्रे एका जाळ्यात जोडली गेली. भारतात टाटा संस्थेचे केंद्र सीएमएस या प्रयोगासाठी आणि कोलकात्याचे सायक्लोट्रॉन केंद्र ॲलिस या प्रयोगासाठी काम करू लागले. कोणते केंद्र चालू आहे, कोठे काम तुंबले आहे, किती माहिती कोठे पोचली, हे एका दृष्टिक्षेपात दाखविणारी ‘ग्रिडव्ह्यू’ ही प्रणाली मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील अभियंत्यांनी सर्नसाठी लिहिली. याच केंद्राने, बाहेरून महासंगणक मिळणे दुरापास्त असता, १९९१ साली ‘अनुपम’ हा समांतर संगणक बांधावयास घेतला होता. ती तयारी येथे कामी आली.

या सहकार्यात आपल्या मध्य प्रदेशचा वाटा थोडा नाही. इंदूरच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्राचे संस्थापक संचालक डॉ. दिलीप देविदास भवाळकर हे मूळचे सागरचे, सागर विद्यापीठाचे विद्यार्थी. १९९६ साली सर्नशी झालेल्या करारान्वये या केंद्राच्या देखरेखीखाली सुमारे १,८०० अतिवाहक सुधारक चुंबक आणि अवजड चुंबकांना सूक्ष्म अंतराने हलवून जागी बसविणारे सुमारे ७,००० आधार भारतातून गेले. २००२ साली भारतास सर्नमध्ये निरीक्षकाचा दर्जा मिळाला, तेव्हा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर होते. त्यांचा जन्म बडवानीचा. १६ जानेवारी २०१७ रोजी भारत सर्नचा सहयोगी सदस्य झाला. मराठी वस्ती म्हटली की पुणे-मुंबईच आठवणाऱ्यांनी सागर आणि बडवानी ही नावे ध्यानात ठेवावीत.

हिशेब आणि सत्य यांचा संबंध किती कठोर असू शकतो, हे दुसऱ्या एका कारकिर्दीतून दिसते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे प्रा. आशुतोष कोतवाल अठराव्या वर्षाच्या सुमारास भारतातून तिकडे गेले, अभियांत्रिकी शिकले आणि हार्वर्डला भौतिकशास्त्रात डॉक्टर झाले. शिकागोजवळच्या फर्मी प्रयोगशाळेतील सीडीएफ प्रयोगात डब्ल्यू या कणाचे वस्तुमान मोजण्याच्या कामाचे त्यांनी नेतृत्व केले. तेथील कणत्वरक ३० सप्टेंबर २०११ रोजी बंद झाला. यंत्र थंडावले, पण दप्तर उघडेच राहिले. सुमारे ४२ लाख डब्ल्यू कणांच्या नोंदी पुढची कित्येक वर्षे तपासल्या जात होत्या. शोधकांच्या मनातील अपेक्षेने आकडा वळू नये म्हणून संगणकाने खऱ्या उत्तरात एक अज्ञात आकडा मिसळून ठेवला होता. सारी तपासणी संपल्यावर, नोव्हेंबर २०२० मध्ये, तो काढला गेला. एप्रिल २०२२ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: ८०,४३३.५, आणि अनिश्चितता ९.४, मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट या एककात. प्रचलित सिद्धांताचा आकडा होता ८०,३५७, अनिश्चितता ६. हा फरक सहज सोडून देण्याजोगा नव्हता.

जगभर खळबळ उडाली. मग २०२४ साली सर्नच्या सीएमएस प्रयोगाने, ज्यात टाटा संस्थाही आहे, आपले मोजमाप दिले: ८०,३६०.२, अनिश्चितता ९.९. हे सिद्धांताशी जुळते, कोतवालांच्या आकड्याशी जुळत नाही. तेव्हा खरे कोण? आम्हांस वाटते, सामान्य वाचकाने येथे बाजू घेऊ नये. दोन्ही हिशेब तपासता येण्याजोगे आहेत, प्रत्येक कपात-वजावट लिहून ठेवलेली आहे, आणि म्हणूनच हा तंटा भांडणाने न मिटता तपासणीने मिटू शकेल. दहा वर्षे खपून काढलेला आकडा जगापुढे ठेवावयाचा आणि ‘आता तपासा’ म्हणावयाचे, यास जे धैर्य लागते ते रणांगणावरच्या धैर्याहून उणे आहे असे आम्ही मानत नाही.

तथापि तपासणीसाठी दप्तर केवळ असून भागत नाही. ते वाचता आले पाहिजे. जर्मनीत हँबुर्ग येथे १९७९ ते १९८६ या काळात ‘जेड’ नावाचा प्रयोग चालला. प्रयोग संपला, माणसे पांगली. पुढे सिद्धांताची गणिते सुधारली, तेव्हा ध्यानात आले की या जुन्या नोंदींतून नवे उत्तर काढता येईल, आणि त्या शक्तीची टक्कर पुन्हा कोठे होणार नाही. शोधू लागले तो नोंदी चुंबकीय फितींवर होत्या, पण त्या उलगडणाऱ्या आज्ञावल्या लोप पावलेल्या यंत्रांच्या भाषांत लिहिलेल्या. टकरींच्या तीव्रतेची एक महत्त्वाची यादी तर संगणकावरून नाहीशी झालेली; ती जुन्या छापील कागदावर सापडली आणि हाताने पुन्हा उतरवून घ्यावी लागली. जुन्या चमूतील सीगफ्रीड बेथके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिकाटीने ते दप्तर जिवंत केले व त्यातून नवे निष्कर्ष काढले. या अनुभवातून शहाणे होऊन कणभौतिकीच्या जगाने २००९ सालापासून नोंदी जतन करण्याचा संघटित प्रयत्न सुरू केला, आणि सर्नने २०१४ साली आपल्या काही नोंदी, त्या वाचण्याच्या साधनांसह, सर्वांसाठी खुल्या केल्या.

ही हकीगत वाचताना आपल्या घरांतील मोडी कागद आठवल्यावाचून राहत नाहीत. लष्करातील जुन्या वाड्यांच्या माडीवर, पत्र्याच्या पेटीत, रेशमी किंवा सुती रुमालात बांधलेली सनदा, जमाखर्च, खासगी पत्रे यांची बाडे अजून आहेत. १९५६ साली राजधानी भोपाळला गेली, तरी राजस्व मंडळ आणि महालेखाकारांचे कार्यालय ग्वाल्हेरास मिळाले. जमिनीच्या अभिलेखांचे आयुक्तालयही येथेच. राज्याच्या हिशेबाचे शहर म्हणून आपण ओळखले जातो. पण घरच्या हिशेबाची स्थिती काय? अक्षर समोर आहे, कागद शाबूत आहे, आणि वाचणारा नाही. जेडच्या फितींचे जे झाले तेच आपल्या बाडांचे झाले आहे. फरक इतकाच की त्यांना वेळेवर जाग आली.

आपली पुढची पिढी पुण्यात, बंगळुरात, अमेरिकेत संगणकाच्या व्यवसायात आहे. ती काय करते असे कोणी विचारले तर आपण पगाराचा आकडा सांगतो, कामाचे स्वरूप सांगत नाही. बहुधा आपल्याला ते माहीतच नसते. गणना व नोंद हे काम आपल्या पूर्वजांनी दौत-बोरूने केले, ही मुले ते निराळ्या साधनांनी करीत आहेत. या दोन टोकांची भेट घालून देणे आपल्या पिढीच्या हातात आहे, आणि आपल्या पिढीकडे वेळ फार उरलेला नाही. मोडी सहज वाचणारे वृद्ध आपल्या शहरात आता मोजकेच आहेत.

म्हणून एक साधी सूचना करावीशी वाटते. ज्यांच्या घरी अशी बाडे असतील त्यांनी ती बांधूनच ठेवू नयेत आणि कोणास देऊनही टाकू नयेत. आधी त्यांची यादी करावी: किती कागद, कोणत्या सालचे, कोणाच्या हातचे. घरातील तरुणांकडून त्यांची छायाचित्रे काढून घ्यावीत. मोडी जाणणाऱ्यांपुढे बसून निदान प्रत्येक बाडातील एक-दोन कागद वाचून घ्यावेत व ते वाचन देवनागरीत त्याच यादीस जोडावे. कारण नुसते चित्र पुढच्या पिढीस मुके राहील. एका यादीस एक सुट्टी पुरते. यादीच्या शेवटी ती करणाऱ्याने आपले नाव, गाव व तारीख लिहावयास विसरू नये.